फाट्याच्या अलीकडं, फाट्याच्या पलीकडं : रतनवाडीच्या पायवाटा

शनिवारी उजाडता उजाडता रतनवाडीत बस लागते. पुण्या-मुंबईहून रात्रभर अवघडून आलेली माणसं पाय मोकळे करत उतरतात. पहिला प्रश्न ठरलेला : "गड किती लांब?"

वाटाड्याचं उत्तरही ठरलेलं. "चालाल तसं."

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची ही पश्चिम कड. डोक्यावर रतनगड. तिथं उगम पावणारी प्रवरा गावाजवळून वाहत भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. ते धरण १९२६ साली पुरं झालं. आजूबाजूचं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं, आणि वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. इथून पायी निघालात तर तासाभराची फेरी होते आणि दोन दिवसांचीही होते.

सगळ्यात जवळची वाट अमृतेश्वराची. शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं हे देऊळ गावातच आहे. शिखरावर पायथ्यापासून कळसापर्यंत कोरीवकाम. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड त्यात बुडते. शेजारी पुष्करणी, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती. गडावर जायची घाई असलेले गट इथं पाच मिनिटं देतात. फोटो काढतात, निघतात. आम्हाला विचाराल तर हा तोट्याचा व्यवहार आहे. सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील, तर देऊळ, पुष्करणी आणि तिथून जलाशयाच्या कडेनं भाताच्या खाचरांमधून एक चक्कर, एवढ्यात सकाळ सत्कारणी लागते. जुलैत आलात तर खाचरांत आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चाललेली दिसेल. तेव्हा बांधावरूनच चालायचं. रोपात पाय पडला तर वाटाड्या ऐकवतो, आणि त्यानं ऐकवावंच.

गडाची वाट मात्र ओढ्यातून सुरू होते. पाणी एकदा ओलांडून भागत नाही, पुन्हा पुन्हा आडवं येतं. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत पार होतं. आषाढात तेच पाणी तासाभरात चढतं, आणि मग गटानं कितीही पैसे भरलेले असोत, वाटाड्या नाही म्हणतो. पुढं दाट झाडी. जांभूळ, कारवी, हिरडा. कोवळी फळं वेचून वाळवली की त्याला बाळहिरडा म्हणतात; तो व्यापाऱ्याला विकून इथल्या घरांत रोकड येते. त्यामुळं वाटेतलं हिरड्याचं झाड वाटाड्याला नुसतं झाड नसतं.

या चढावर गट कसा चालवतात ते पाहण्यासारखं आहे. दमणाऱ्या माणसाला सगळ्यात पुढं घालतात, वाटाड्याच्या पाठोपाठ. मागं ठेवला तर पुढचे थांबतात, हा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की ताजेतवाने झालेले बाकीचे उठून चालू लागतात. विश्रांती मिळते ती ज्याला नको त्यालाच. शेवटाला गावातलाच दुसरा गडी. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही.

रानात एक फाटा लागतो. एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडं, दुसरी उजवीकडं रतनगडावर. इथं मोजदाद होते आणि इथंच खरं ठरतं की कोण कुठवर जाणार. गडाच्या वाटेला पुढं लोखंडी शिड्या आहेत. त्या चढल्यावर गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, आणि माथ्यावर नेढं, म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक. त्यातून वारा असा घुसतो की टोपी सांभाळावी लागते. समोर अलंग, मदन, कुलंग हे गड आणि कळसूबाईचं शिखर. सुट्टीच्या दिवशी मात्र शिड्यांखाली रांग लागते. उंचीला बिचकणारा माणूस अर्ध्या शिडीवर थिजला, तर वरचे वर आणि खालचे खाली. म्हणून बिचकणाऱ्याला फाट्यावरूनच परत पाठवणारा वाटाड्या आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

आल्या वाटेनं उतरायचं नसेल, तर त्र्यंबक दरवाजातून खुट्ट्याच्या सुळक्याजवळून साम्रद गावाला उतरता येतं. सांधण दरी तिथलीच. ती पावसाळ्यात वर्ज्य. त्या चिंचोळ्या घळीत वरून लोंढा आला तर बाजूला सरायला जागा नसते.

कात्राबाईची वाट धरली तर प्रवरेचं खोरं मागं पडतं आणि मुळेचं सुरू होतं. कुमशेत, मग पेठेची वाडी, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. मध्ये मुक्काम लागतो. या वाटेवर गर्दी नाही, पण ढोरवाटा इतक्या फुटतात की नवख्यानं एकट्यानं जाऊ नये.

निघण्याआधी एक काम राहतं. परतल्यावर किती जण जेवणार, हे ज्या घरी उतरलात तिथं सांगून ठेवायचं. पिठलं वाढवता येतं. भाकऱ्या मात्र आकडा कळल्याशिवाय थापता येत नाहीत.