समीकरण मांडायचं कसं?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बीजगणितातल्या शाब्दिक उदाहरणांबद्दल, होमवर्कला ती आली की घरात आवाज चढतात ना, तीच. मुलाला नुसतं समीकरण दिलं तर तो सोडवतो, बाजू बदलली की चिन्ह बदलतो, कंस सोडतो, उत्तर काढून मोकळा होतो, आणि तेच समीकरण चार ओळींच्या गोष्टीत घालून दिलं की वही कोरीच्या कोरी. मग आपण म्हणतो, नीट वाच, परत वाच. अहो, तो वाचतोच आहे. वाचून झाल्यावर करायचं काय हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं, तिथे गाडं अडतं. म्हणून आज सोडवण्याबद्दल काही नाही, फक्त मांडणी.

मुलं पहिली काय करतात तर आकड्यांवर झडप घालतात. १९८० च्या आसपास फ्रान्समध्ये ग्रेनोब्लला प्राथमिक शाळेतल्या मुलांना एक गणित घातलं होतं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? आता याला उत्तरच नाहीये, पण ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेल्या आकड्यांतून कप्तानाचं वय काढून दिलं. मला यात मुलं ढ आहेत असं अजिबात वाटत नाही, त्यांना सवयच अशी लागलीय की दोन आकडे दिसले की काहीतरी करायचं आणि उत्तराखाली रेघ मारायची. म्हणून पहिल्या वाचनाला आकडे झाकून वाचायला लावा, खरंच बोटाने झाका. आई मुलीपेक्षा काही वर्षांनी मोठी आहे, आणखी काही वर्षांनी आईचं वय मुलीच्या काही पट होईल, मुलीचं आजचं वय काढा. आता विचारा, गोष्ट कोणाची आहे, काय माहीत नाहीये, आजचं बोलणं चाललंय की पुढचं? हे त्याला तोंडाने सांगता आलं की मगच बोट काढा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, "जास्त" दिसलं की बेरीज, "कमी" दिसलं की वजाबाकी, असले शॉर्टकट मुलांना कृपा करून देऊ नका. एकाकडे २० पुस्तकं आहेत, ती दुसऱ्याकडच्यापेक्षा ८ ने जास्त आहेत, तर दुसऱ्याकडे किती? शब्द "जास्त" आणि करायची वजाबाकी. शॉर्टकटवाला मुलगा इथे बिनधास्त २८ लिहितो.

आता मुख्य गोष्ट, जमलं तर कागद पेन्सिल घ्या कारण रेडिओवर फळा नाही. उदाहरण तेच, आता आकड्यांसकट. आई मुलीपेक्षा २६ वर्षांनी मोठी आहे, ४ वर्षांनी आईचं वय मुलीच्या तिप्पट होईल, तर मुलीचं आजचं वय किती? मुलाला म्हणा, क्ष वगैरे विसर, तू सरळ एक अंदाज ठोक. तो म्हणेल ६. ठीक, बरोबर आहे का बघूया, पण अट एकच, मधली बेरीज करायची नाही, जे करतोय ते नुसतं लिहायचं. मुलगी ६ ची, तर आई ६ अधिक २६. चार वर्षांनी आई ६ अधिक २६ अधिक ४, मुलगी ६ अधिक ४. तिप्पट म्हणजे ३ गुणिले कंसात ६ अधिक ४. आता करा हिशोब, एकीकडे आले ३६, दुसरीकडे ३०. जुळलं नाही, म्हणजे अंदाज चुकला, चुकू दे, आपलं काम झालंय. कारण त्या कागदावर जिथे जिथे मुलीचं वय म्हणून ६ लिहिलाय तिथे तिथे तो खोडून क्ष लिहायचा, मध्ये बरोबरचं चिन्ह टाकायचं, आणि वाचा काय झालं, क्ष अधिक २६ अधिक ४ बरोबर ३ कंसात क्ष अधिक ४. हेच ते समीकरण. ते त्याने स्वतः तयार केलं, अंदाज तपासता तपासता. सोडवलं की क्ष येतो ९, आई ३५ ची, चार वर्षांनी १३ आणि ३९.

मधली बेरीज का करू द्यायची नाही हे लक्षात आलं असेल. ६ अधिक २६ चे ३२ करून टाकले की तो ६ कुठे गेला ते दिसत नाही, मग खोडणार काय? मुलं घाईने बेरीज करतातच, तेवढं प्रेमाने थांबवा.

अंदाजाने सुरुवात करणं म्हणजे काहीतरी कच्चं काम असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी इष्टकर्म म्हणून रीत दिलीय तिची सुरुवातच अशी आहे, मनाला येईल ती संख्या धरा आणि उदाहरणात सांगितलंय तसं तिच्यावर करत जा. ते पुढे प्रमाण लावून उत्तर काढतात, आपण समीकरणाकडे वळतो, पण धीटपणे एक संख्या धरायची हे तेच.

नंतर हळूहळू अंदाज सुटतो आणि मूल थेट "क्ष मानू" लिहायला लागतं, तिथे एक जागा सांभाळा. नुसतं "क्ष = मुलगी" लिहू देऊ नका, "क्ष = मुलीचं आजचं वय, वर्षांत" असं पूर्ण लिहायचं, क्ष ही संख्या आहे, माणूस नाही. हे किती महत्त्वाचं आहे बघा, अमेरिकेत जॉन क्लेमेंट या संशोधकाने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना विचारलं होतं की विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत हे समीकरणात लिहा, आणि ३७ टक्के चुकले. चूक कुठली, तर विद्यार्थ्यांना "व" आणि प्राध्यापकांना "प" हे अक्षर घेतलं तर बरेच जण "६ व बरोबर प" लिहितात, कारण डोक्यात चित्र असतं सहा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, आणि व म्हणजे विद्यार्थी असंच वाचलं जातं. व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या असं लिहिलं आणि १० प्राध्यापक धरून ताळा केला की लगेच कळतं, विद्यार्थी ६०, मग सहाने गुणायचं प ला.

ताळा मात्र समीकरणात घालून करू नका, मूळ गोष्टीत घालून करा. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यात घातलेलं उत्तर मस्त जुळतं आणि तरी गणित चूक असतं. आणि विचारलंय काय ते परत बघा, कित्येकदा क्ष मुलीचं वय असतं आणि प्रश्न आईच्या वयाचा असतो, तिथे हातातले मार्क जातात.

वेग आणि अंतराच्या गणितांना वेग, वेळ, अंतर असा छोटा तक्ता आखून द्या, बाकी रीत हीच.

हे सगळं चाललं असताना पेन्सिल मुलाच्याच हातात राहू द्या, आपल्याला कितीही घाई असली तरी. आणि एखाद्या दिवशी उलटं करा, त्याला २ क्ष अधिक ५ बरोबर १७ एवढंच द्या आणि म्हणा, याची गोष्ट तू बनव. ज्या मुलाला अशी गोष्ट बनवता येते त्याला पुस्तकातली गोष्ट मांडताना फारसं अडत नाही. आज संध्याकाळच्या होमवर्कला एवढं करून बघा, नमस्कार.