कार्ड म्हणजे परवाना नव्हे: निर्वासितांना भारतात काम करता येते का?

नमस्कार. दिवाळी उलटली की विदर्भातल्या शहरांत रस्त्यांच्या कडेला आणि मैदानांवर तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने लागतात, आणि आपल्या चॅनेलवर एक प्रश्न हमखास येतो: ही माणसे भारताची नागरिक नाहीत, मग ती येथे धंदा कशाच्या आधारावर करतात? यंदा पुण्यातल्या अफगाण विद्यार्थ्यांविषयी आणि उल्हासनगरच्या सिंधी लोकांविषयीही विचारणा झाली आहे, म्हणून आज सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

प्राथमिक गोष्टी झटपट उरकतो. आश्रय मागितला आहे पण निर्णय व्हायचा आहे, तो आश्रयार्थी. ज्याचा दावा मान्य झाला, तो निर्वासित. १९५१ च्या निर्वासित करारातले १७, १८ आणि १९ हे अनुच्छेद अनुक्रमे नोकरी, स्वतःचा धंदा आणि वकिली-डॉक्टरीसारखे व्यवसाय यांविषयी आहेत. भारत त्या करारात नाही, १९६७ च्या पूरक करारातही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. एवढे पुरे.

गाडी अडते ती पुढे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचे, म्हणजे यूएनएचसीआरचे कार्ड हातात आले की काम करता येते, असे कमेंटमध्ये मला दर आठवड्याला कोणीतरी ठामपणे शिकवत असते. तसे नाही. कार्ड सांगते की या माणसाला मायदेशी धोका आहे. त्याने येथे पगार घ्यावा की नाही, याविषयी ते काहीही सांगत नाही. त्यासाठी लागतो तो दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला सगळेच एलटीव्ही म्हणतात. २०११ च्या अखेरीस केंद्रीय गृह मंत्रालयाने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीनुसार, छळाची भीती सकृद्दर्शनी खरी वाटली तर राज्य सरकारच्या शिफारशीवरून आणि सुरक्षा तपासणीनंतर हा व्हिसा मिळू शकतो, आणि तो असलेल्याला खासगी क्षेत्रात नोकरी करता येते. कार्डापाठोपाठ तो आपोआप घरी येत नाही.

हे मी इतक्या ठासून सांगतो, कारण एकदा मीच चुकलो आहे. पुण्यात शिकायला आलेला एक अफगाण तरुण माझ्या परिचयाचा होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, त्याचे परतणे अशक्य झाले, पुढे विद्यार्थी व्हिसा संपला आणि दिल्लीला खेपा घालून त्याने कार्ड मिळवले. एका लहान कंपनीने त्याला हिशेबाचे काम देऊ केले, तेव्हा त्याने मला विचारले आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की कार्ड आहे ना, मग बिनधास्त रुजू हो. पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर जो अर्ज आला त्यात ओळखीच्या पुराव्यासाठी दोनच चौकटी होत्या: आधार, नाहीतर पासपोर्ट आणि चालू व्हिसा. तिसरी चौकट नव्हती. दुपारच्या जेवणाआधी तो बाहेर पडला होता, आणि संध्याकाळी त्याने मला फोन केला तो तक्रार करायला नव्हे, तर माझी चूक झाल्याचे मला फार वाईट वाटू नये म्हणून. ते मला जास्त लागले.

आता हीच गोष्ट मालकाच्या खुर्चीत बसून पाहा. 'कंपन्यांना माणुसकी नाही' असे लिहिणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की पगार जमा कोठे करायचा? बँक खात्यासाठी पॅन आणि ओळखपत्र लागते, ओळखपत्रासाठी चालू व्हिसा लागतो, आणि व्हिसा नसलेल्या परदेशी माणसाला कामावर ठेवले तर चौकशी आपल्या दारात येईल ही त्या मालकाची भीती अगदीच निराधार नाही. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या कायद्याने घेतली असली, तरी निर्वासित नावाचा वेगळा वर्ग त्याही कायद्यात नाही. मग असा माणूस शेवटी तेथेच काम करतो जेथे कोणी कागद मागत नाही, आणि जेथे कागद मागत नाहीत तेथे मजुरीही ठरल्याप्रमाणे मिळत नाही.

आणि तिसऱ्यांदा, राज्यघटनेच्या बाजूने. व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य देणारा अनुच्छेद १९ 'नागरिकां'साठी आहे. समानतेचा १४ आणि जीविताचा २१ मात्र प्रत्येक 'व्यक्ती'साठी आहेत. १९८५ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले, आणि १९९६ साली अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात नागरिक नसलेल्यांच्याही जीविताचे रक्षण करणे राज्याचे कर्तव्य आहे, असे सांगितले. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून निर्वासितालाही पोट भरण्याचा हक्क आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि मला तो पटतो. पण तो युक्तिवाद आहे, नोकरीचा परवाना नव्हे.

उल्हासनगरविषयी लिहिणाऱ्यांनी दोन काळ एकत्र केले आहेत. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आलेले सिंधी लोक बोलण्यात निर्वासित असले तरी कायद्याने भारताचे नागरिक झाले, त्यामुळे त्यांच्या कामाचा प्रश्नच उरला नाही. अलीकडे पाकिस्तानातून आलेल्या हिंदू कुटुंबांचे तसे नाही. ती एलटीव्हीवर राहतात, आणि पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांना २०१६ मध्ये बँक खाते, पॅन, आधार आणि स्वयंरोजगाराची मुभा मिळाली. त्या अफगाण तरुणाला यातले काही मिळाले नाही, कारण तो मुसलमान होता.

राहिले स्वेटर. तिबेटींची नोंद सरकार स्वतः करते आणि त्यांना नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे त्यांच्या भाषेत 'आरसी', देते. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने त्यांना व्यापाराचे परवाने द्यावेत आणि शिक्षण असेल त्या क्षेत्रात काम करू द्यावे, असे राज्यांना सांगितले. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे.

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेथल्या एका बाईंकडून मी दर हिवाळ्यात खरेदी करतो. माल लुधियानाहून उधारीवर येतो, दुकानावर 'एकच भाव' अशी पाटी असते, आणि गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फाइल असते: आरसीची प्रत, जागेच्या भाड्याची पावती, महापालिकेचा कागद. मी फाइलकडे पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्या अस्सल वऱ्हाडी हेल काढून म्हणाल्या, "स्वेटर भिजलं तं वाळते, हे भिजलं तं हंगाम गेला."

त्यांचा जन्म १९८० चा, याच वसाहतीतला. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते, आणि २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत तेच मान्य केले. म्हणजे कायद्याने त्यांना आरसीची गरजच नाही. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांना ते आधीच ठाऊक होते. पासपोर्ट मागणाऱ्या तिबेटींना आरसी परत करून वसाहतीबाहेर राहण्याच्या अटी घातल्या गेल्या होत्या, हेही ठाऊक होते. मापाला लावलेला स्वेटर माझ्या खांद्यावरून काढून घडी घालत त्यांनी विचारले, "अन् मायचं घर कोन पाहीन?"