रेडिओचा आवाज जरा वाढवला

नमस्कार मंडळी. आज एका वसुलीवाल्या गुंडाची गोष्ट सांगायचीय, पण सुरुवात त्याच्या सासूबाईंपासून करतो. सप्टेंबर १९३९, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन, रात्रीची वेळ. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्यात. जावई येऊन त्यांना उठवतो आणि विचारतो, बर्फ फोडायचा टोच्या कुठे ठेवलाय, आणि ती दोरी कुठंय? त्या सांगतात कुठंय ते, आणि परत झोपतात. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीत जावई आणि त्याचे साथीदार पग्गी फाइनस्टाइन नावाच्या माणसाला दोरीने आवळतात, आणि धडपड कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जावई काय करतो तर रेडिओचा आवाज जरा वाढवतो. मी रोज माईकसमोर बसणारा माणूस, मला या गोष्टीतलं रक्त एक वेळ विसरता येईल, तो रेडिओ नाही विसरता येत.

पुढे एका मोकळ्या प्लॉटवर पेट्रोल टाकून त्यांनी ते प्रेत जाळलं आणि मग सगळे जेवायला गेले.

तर त्या जावयाचं नाव एब रेलिस, टोळीतलं नाव ‘किड ट्विस्ट’. जन्म १९०६, आईवडील ऑस्ट्रियातून आलेले गरीब ज्यू, वाढला ब्रुकलिनमधल्याच ब्राउन्सव्हिलच्या गल्ल्यांत. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण अंगात राग इतका की मोठमोठे गुंड त्याला वचकून असायचे. आधी तिथलेच गुंड शापिरो बंधू, त्यांच्या हाताखाली होता, मग त्यांच्याशीच फाटलं, आणि फाटल्यावर मेयर शापिरोने रेलिसच्या मैत्रिणीला उचलून नेऊन तिच्यावर बलात्कार केला, म्हणजे दोन पुरुषांच्या भांडणात भरडली गेली ती एक पोरगी, आणि तिची कथा लिहिताना लोक पुढच्या सूडावर घाईघाईने जातात, तिचं काय झालं हे कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सूड मात्र पूर्ण झाला. १९३१ मध्ये आयर्विंग आणि मेयर गेले, १९३४ मध्ये तिसरा भाऊ विली, त्याला तर जिवंत पुरला.

आता धंदा कसा चालायचा ते सांगतो. रोजचं काम सावकारीचं, आज ५ डॉलर द्यायचे आणि आठवड्याने ६ घ्यायचे, नाही दिले की हातपाय मोडायचे. त्याच्यावरचं काम खुनाचं. वर दोन म्होरके, लेपके बुखाल्टर आणि अल्बर्ट अनास्तासिया, हुकूम यायचा तो मधल्या माणसांमार्फत, मारणाऱ्याला बऱ्याचदा मरणारा कोण हेही माहीत नसायचं, त्याला फक्त काम माहीत. गाडी चोरीची, नंबर प्लेट दुसऱ्याच चोरीच्या गाडीची. पेपरवाल्यांनी पुढे या टोळीला ‘मर्डर इनकॉर्पोरेटेड’ म्हणजे खुनांची कंपनी असं नाव दिलं. आणि हिचं ऑफिस कुठे, तर साराटोगा आणि लिव्होनिया अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, वरून लोकल जाते तिच्या खाली, एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात. शाळेची पोरं गोळ्या घ्यायला यायची आणि त्याच दुकानातल्या फोनवर माणसं मारायचे निरोप यायचे.

चाळीसपेक्षा जास्त वेळा पोलिसांनी रेलिसला पकडलं होतं, पण खुनात काही अडकवता येत नव्हतं, कारण साक्षीदारच उभा राहत नव्हता. १९४० मध्ये तो जुन्या खुनात आत गेला आणि या वेळी त्याला कळलं की जोडीदारांपैकी कुणीतरी आपल्याआधी तोंड उघडणार, आणि तसं झालं तर फाशीऐवजी असते ती विजेची खुर्ची आपल्यालाच. मग त्याने बायकोला सरकारी वकिलांकडे पाठवलं, नवऱ्याला बोलायचंय म्हणून. तो माफीचा साक्षीदार झाला आणि बोलत सुटला, लघुलेखकांच्या २५ वह्या भरल्या. स्मरणशक्ती अशी की कोणत्या रात्री कोण कुठे उभा होता, काय खाल्लं, सगळं तोंडपाठ. आणि न्यूयॉर्कचा कायदा असा की गुन्ह्यातल्या साथीदाराच्या नुसत्या शब्दावर कुणाला शिक्षा देता येत नाही, बाहेरचा पुरावा लागतोच, तर हा पठ्ठ्या प्रत्येक खुनाला तो बाहेरचा पुरावा कोण देईल तेही सांगायचा. पश्चात्ताप? मला तरी त्यात कुठे दिसत नाही. त्याला जीव वाचवायचा होता, बस.

त्याच्या साक्षीवर हॅरी स्ट्रॉस, मार्टिन गोल्डस्टीन, हॅरी मायोने, फ्रँक अबॅन्डांडो असे त्याचेच चार यार सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर गेले. यातले पहिले दोघे पग्गीच्याच खुनात.

पुढचा नंबर अनास्तासियाचा होता. रेलिसला कोनी आयलंडच्या हाफ मून हॉटेलात सहाव्या मजल्यावर ठेवलेला, पाच पोलीस पहाऱ्यावर. १२ नोव्हेंबर १९४१ च्या सकाळी त्याचं प्रेत सापडलं, खाली दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, सोबत गाठ मारलेल्या चादरी आणि तार. पळायला गेला, पहारेकऱ्यांची चेष्टा करायला गेला, की कुणी ढकलला? १९५१ मध्ये ज्युरीने अपघात म्हटलं. पाच माणसं पहाऱ्याला असताना एकालाही काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, हे माझ्या मनाला काही केल्या पटत नाही. अनास्तासियावरची ती केस कधी उभीच राहिली नाही, तो त्यातून सुटला तो सुटलाच, आणि पुढे १९५७ मध्ये न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना मारला गेला.

पण रेलिस मेला त्या दिवसांत दुसऱ्या कोर्टात लेपकेचा खटला चालूच होता, तो जोसेफ रोझेनच्या खुनाचा. हा रोझेन ट्रकचा धंदा करायचा, लेपकेच्या माणसांनी तो धंदा बुडवला, मग बिचाऱ्याने ब्राउन्सव्हिलमध्येच दुकान टाकलं, तेही गोळ्या-चॉकलेटचंच. आपल्यावर झालेला अन्याय तो सरकारी वकिलांना जाऊन सांगेल अशी लेपकेला भीती, म्हणून १३ सप्टेंबर १९३६, रविवारी सकाळी सकाळी, त्याला त्याच्याच दुकानात गोळ्या घातल्या. खटल्यात मॅक्स रुबिन साक्षीला आला, ज्याला याच टोळीने डोक्यात गोळी घातली होती आणि तरी तो वाचला होता. आणि रोझेनची बायको आली, मुलगा आला. ती दोघं लेपकेसमोर उभी राहिली, त्यांना कुणी माफी कबूल केली नव्हती, त्यांनी काही केलंच नव्हतं. ४ मार्च १९४४ ला लेपके खुर्चीवर गेला. मला आज खरं तर या दोघांबद्दलच बोलायचं होतं. नमस्कार.