बाजेवाल्यांचे बप्पीदा

नमस्कार श्रोतेहो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला बाजेवाला. लगीनसराईत आमच्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवतो. ज्यांचं नाव काढलं की लोक हसतात, त्या हिंदी सिनेमाच्या संगीतकार बप्पी लाहिरींबद्दल आज बोलणार आहे.

गळ्यात जाड साखळी घालून कोणी पारावर आला, की पोरं म्हणतात, ‘आला बप्पी लाहिरी!’ मला ते लागतं. या माणसाचे आईवडील दोघंही बंगाली गायक, आणि तो स्वतः अगदी लहानपणापासून तबल्यावर बसलेला.

बँडमध्ये शब्द नसतात. किशोरकुमारांचा गळा नसतो, स्टुडिओ नसतो. उरते ती नुसती चाल, आणि कच्ची चाल क्लॅरिनेटवर दोन ओळींत उघडी पडते. ‘चलते चलते’ घ्या. १९७६ सालचं गाणं, तेव्हा बप्पीदा तेवीस वर्षांचे. पोरगी गाडीत बसते तेव्हा आम्ही ढोल-ताशा बंद करतो आणि ही चाल धरतो. ‘अलविदा’वर सूर लांबवायचा असतो, तिथे भल्याभल्यांचा दम संपतो. एक शब्द नसतो, तरी मांडवातल्या बाया डोळ्याला पदर लावतात. दोन तासांपूर्वी परण्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, ज्या ‘डिस्को डान्सर’वर अख्खं गाव नाचलेलं असतं, तेही त्यांचंच. आणि १९८५च्या ‘ऐतबार’मधली भूपिंदर-आशाताईंची गझल, ‘किसी नज़र को तेरा’? तीसुद्धा.

ते चाली उचलायचे, असं म्हणतात. काही चाली त्यांनी परदेशातून घेतल्या, हे खरं आहे, मी झाकत नाही. पण १९८१च्या ‘ज्योती’मधलं त्यांचं ‘थोडा रेशम लगता है’ २००२ साली एका अमेरिकन गायिकेच्या गाण्यात न विचारता वापरलं गेलं. लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं सांगितलं, लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ती सीडी विकायची नाही. ही गोष्ट आमच्या पारावर कोणी सांगत नाही, म्हणून मी रेडिओवर सांगतो आहे.

१५ फेब्रुवारी २०२२ ला ते गेले. ऐन लगीनसराई होती. त्यानंतरच्या पहिल्याच बिदाईला ती चाल धरली, तेव्हा माझाच सूर हलला.

यंदा पुतण्या क्लॅरिनेट शिकतो आहे. त्याला पहिली चाल मी तीच दिली. ‘अलविदा’वर त्याचा दम अजून पुरत नाही.