नळी गेली कुठं? ब्लड कॅन्सरचा रिपोर्ट आणि लॅबची अदलाबदल

रामराम मंडळी. हे दोन कागद बघा.

(कागद कॅमेऱ्यासमोर)

पेशंट एकच, आमचे मोठेबाबा. गोळीही एकच, ब्लड कॅन्सरची इमॅटिनिब ४००, रोज जेवणानंतर. जानेवारीच्या कागदावर रक्तात उरलेल्या कॅन्सरच्या खुणांचा आकडा ०.०६ टक्के, एप्रिलच्या कागदावर ०.४. त्या रात्री आमच्या घरी कोणी धड जेवलं नाही. मोठीआई तर "गोळ्याच नकली दिल्या का बाप्पा" म्हणत मेडिकलवाल्याशी भांडायला निघाली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला अन् पहिलंच विचारलं, "लॅब बदलली का?"

बदलली होती. एप्रिलच्या उन्हात नागपूर कशाला, म्हणून तालुक्यालाच रक्त दिलं. जुन्या लॅबमध्ये पुन्हा तपासलं, तर ०.०७.

आता हे काय मोजतात? मोठेबाबांना आहे सीएमएल, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. यात पेशीतल्या ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचा खोडकर जनुक तयार होतो. गोळी त्याचंच काम थांबवते. रक्तात त्याच्या खुणा किती उरल्या, ते पीसीआर तपासणीत कळतं. सुरुवातीला दर ३ महिन्यांनी करतात. वर्षभरात आकडा ०.१ टक्क्यावर किंवा त्याखाली आला, की डॉक्टर खूश.

इतकं बारीक मोजायचं म्हणजे किट वेगळं, पद्धत वेगळी, की आकडा हलणारच. कापूस विकणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. एकाच गाडीतल्या कापसाचा ओलावा एका जिनिंगवर ९ भरतो, दुसऱ्यावर ११. कापूस तोच, मीटर दुसरं.

यासाठीच इंटरनॅशनल स्केल आहे. लॅब आपला आकडा ठरलेल्या गुणकाने गुणते आणि पुढे 'आयएस' छापते. आमच्या एप्रिलच्या कागदावर ही दोन अक्षरंच नव्हती! अन् असती, तरी दोन लॅबमध्ये थोडा फरक राहतोच.

खरी गोम लॅबच्या दारावरच्या पाटीत आहे. तालुक्याला असतं ते बहुतेक कलेक्शन सेंटर. नळी पुढे मुंबईला जाते की अजून कुठे, ते पाटीवर दिसत नाही, आणि मधेच लॅब बदलली तर तुम्हाला कोण सांगणार? म्हणून रक्त देतानाच विचारा, "भाऊ, नळी जाते कुठं?" रिपोर्ट आला की तपासणी कुठे झाली तेही वाचा.

अजून एक. यात आरएनए, म्हणजे त्या जनुकाची नक्कल, तपासतात, आणि तो उन्हात, उशिरात खराब होतो. शनिवारी दुपारी रक्त देऊन नळी सोमवारपर्यंत पडून राहू देऊ नका. उपाशी राहायची मात्र गरज नाही. मोठेबाबा उगाच दोनदा चहाविना बसले.

साधं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तालुक्यालाच करा, चालतं, फक्त दरवेळी एकाच ठिकाणी.

पण त्याच लॅबमध्ये आकडा वाढला, तर "मशीनचाच घोळ असेल" म्हणून घरी बसू नका. गोळ्या चुकल्या असतील, नाहीतर जनुकात नवा बदल झाला असेल. ते डॉक्टरच बघतील. आणि कोणताही आकडा पाहून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

लॅब बदलावीच लागली तर डॉक्टरांना आधी सांगा, जुने रिपोर्ट सोबत न्या.

मोठीआईने आता फाईलच्या पुठ्ठ्यावर लॅबचं नाव लाल पेनाने लिहून ठेवलंय. खाली लिहिलंय, "इथंच. ऊन असो का पाऊस."