पंख उभे, शेपट्या दोन की तीन?

श्रोते हो, नमस्कार. ट्राउटच्या ओढ्यावर समोर मासे वर येऊन किडे खातायत, आणि आपल्या गळावरच्या नकली माशीकडे एकही ढुंकून बघत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी डबीतल्या माश्या एकामागून एक बदलत बसू नका. पाण्यावर काय वाहत येतंय ते आधी बघा.

मेफ्लाय, म्हणजे ट्राउट खातो त्या पाण्यातल्या किड्यांपैकी एक, ओळखायला तशी सोपी. बसली की तिचे पंख होडीच्या शिडासारखे पाठीवर उभे राहतात. कॅडिस आणि स्टोनफ्लाय हे तसेच दुसरे किडे: कॅडिसचे पंख दोन्ही बाजूंना उतरते असतात, स्टोनफ्लायचे पाठीवर सपाट मिटलेले. मेफ्लायच्या मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या असतात. कॅडिसला त्या नसतातच.

गफलत होते ती पाण्याखाली. दगड उलटा केला की चिकटलेली निंफ, म्हणजे पंख फुटण्याआधीची पाण्यातली अवस्था, दिसते. तिचे पाय बघा. मेफ्लायच्या निंफला प्रत्येक पायाला एकच नखी, स्टोनफ्लायच्या निंफला दोन. मेफ्लायच्या पोटाच्या कडेला कल्लेही असतात. नुसत्या शेपट्या मोजून निकाल देऊ नका, कारण एपिओरससारख्या काही मेफ्लायच्या निंफलाही स्टोनफ्लायसारख्या दोनच शेपट्या असतात.

प्रजातीचं लॅटिन नाव आलं नाही तरी मासा मिळतो, असं माझं स्पष्ट मत आहे. अवस्था मात्र ओळखताच आली पाहिजे. कामाचे पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटक म्हणजे मेफ्लाय, दुसरा कुठलाच नाही. पाण्यातून नुकतीच निघालेली ती ‘डन’: पंख मळकट, अपारदर्शक. पुढे कात टाकली की ती ‘स्पिनर’ होते: पंख काचेसारखे, शेपट्या आणखी लांब. या दोन्ही अवस्थांत खायला धड तोंडच नसतं! समागम, अंडी, आणि मग पंख पसरून ती पाण्यावर आडवी पडते. मासे अशा आडव्या स्पिनर टिपत असतील, तर उभ्या पंखांची नकली डन कितीही सुबक बांधलेली असली तरी फुकट.

मासा वर येतो कसा, तेही बघा. नुसती पाठ आणि त्यावरचा पर दिसला, तर तो पृष्ठभागाखालीच, वर येणाऱ्या निंफ खातोय. तोंड बाहेर आलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर त्यानं वरचाच किडा उचलला.

आता एखादी डन अलगद पकडा आणि उलटी करा. मासा खालून बघतो, म्हणून रंग जुळवायचा तो पोटाचा. पाठ बहुधा जास्त गडद असते. रंग आणि आकारमान यांत एकच साधता येत असेल, तर मी आकारमान धरीन. बेटिस ही मेफ्लाय इतकी लहान, की तिच्यासाठी 18 ते 22 नंबरचा गळ लागतो. आणि नंबर जितका मोठा तितका गळ बारीक, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. तिला शेपट्या दोन आणि मागचे पंख अगदी चिमुकले. तेवढीच बारीक दुसरी मेफ्लाय, ट्रायको, असेल, तर शेपट्या तीन आणि मागचे पंख नाहीतच. खिशात भिंग असू द्या.

आडव्या पडलेल्या स्पिनर काठावरून दिसत नाहीत. त्यासाठी बारीक जाळीचा तुकडा पाण्याच्या पृष्ठभागाशी मिनिटभर धरा, आणि जे अडकेल त्यावरून माशी निवडा.