कापसाच्या खोलीत थ्रॅश

(दृश्य: आर्वी तालुक्यातलं एक कवेलूचं घर. मधल्या खोलीचं दार उघडतं. आत आढ्यापर्यंत कापूस.)

या खोलीत टाळी वाजवली तर आवाज हातापाशीच मरतो. तीस-पस्तीस क्विंटल कापूस आहे. दिवाळीपासूनच्या सगळ्या वेचण्या, भाव चढेल या आशेवर कोंबून ठेवलेल्या. त्या गंजीत बूड रुतवून बसलेली माणसं दीड तासापासून एकाच गोष्टीवर भांडत आहेत: थ्रॅश मेटलमध्ये, म्हणजे त्या सुसाट, कर्कश गिटारींच्या रॉक संगीतात, सगळ्यांत भारी बँड कोणता?

नावं सांगत नाही, कामं सांगतो. एक कृषी केंद्रवाला, एक वायरमन, एक जिल्हा परिषदेचा मास्तर. चौथा वणीकडचा पाहुणा, कोळसा खाणीत कामाला. आणि मी. घर माझं, कापूसही माझाच, म्हणून नियमही माझा: बिडी-सिगारेट अंगणातच विझवून यायचं. बाकी कुणी कुणाला काहीही बोलावं.

(दृश्य: सगळ्यांच्या माना हलताहेत.)

हे सगळे तालावर हलताहेत असं समजू नका. साठवलेल्या कापसात बसलं की अंगाला खाज सुटते. यातले निम्मे मान खाजवताहेत.

तरी आम्ही इथंच बसतो, कारण असा आवाज दुसरीकडे मिळत नाही. थ्रॅशच्या गिटारीत उजव्या तळव्याची कड तारांवर दाबून ठेवतात आणि वरून खाली, वरून खाली असे झटके मारत राहतात. मोकळ्या खोलीत त्याची खिचडी होते. इथं सरकीचे दाणे मोजावेत तसा एकेक झटका वेगळा ऐकू येतो. आम्ही कॉलेजात असताना मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डं भरून आणायचो. त्या गाण्यांत नेमकं काय आहे ते कळलं ते या खोलीत.

कृषी केंद्रवाला मेटॅलिकाचा. 'मास्टर ऑफ पपेट्स' हा अल्बम, मार्च 1986, विषय संपला असं त्याचं म्हणणं. शिवाय त्यानं त्यांना डोळ्यांनी पाहिलंय. 2011 साली लक्ष्मीपूजन 26 ऑक्टोबरला होतं. 28 तारखेचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि 30 ला मेटॅलिका बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर वाजली. इकडे वेचणीला बाया मिळेनात आणि हा सेवाग्रामहून गाडीत बसलेला. त्या वर्षीच्या वेचणीचा हिशेब त्याचे वडील त्याला अजून ऐकवतात.

वायरमन स्लेयरचा. त्याचं कारण त्याच्या धंद्यातून आलंय. 'रेन इन ब्लड', 7 ऑक्टोबर 1986. 10 गाणी, आणि सगळी मिळून 29 मिनिटांच्या आत. कॅसेटच्या एका बाजूला अख्खा अल्बम बसायचा, म्हणून दुसऱ्या बाजूलाही तोच भरलेला. "लाइन जायच्या आत संपते भाऊ," तो म्हणतो. "तुमचं आठ-आठ मिनिटांचं गाणं अर्ध्यात लटकते."

अँथ्रॅक्स न्यूयॉर्कचा. थ्रॅशमधले चार मोठे म्हणजे मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि हे; चौघांत त्यांचं नाव घेतात आणि आमच्याकडे त्यांच्या बाजूनं कुणीच बसत नाही. पंगतीतलं शेवटचं पान. वाढणारा तिथवर येतो तेव्हा भाजी संपलेली असते.

(दृश्य: मास्तर चष्मा पुसताहेत. चष्म्यावर कापसाचे तंतू.)

मास्तर मेगाडेथचे, आणि खरं भांडण इथून पेटतं. कारण मास्तर संगीतावर बोलतच नाहीत, वाटणीवर बोलतात.

एप्रिल 1983. मेटॅलिकाची पहिली रेकॉर्ड निघायची आहे. पोरं लॉस एंजेलिस सोडून आधीच सॅन फ्रान्सिस्कोकडे राहायला गेलेली, तिथून आता न्यूयॉर्कला पोचलेली. गिटारवाला डेव्ह मस्टेन दारू आणि मारामाऱ्यांपायी सगळ्यांना नकोसा झालेला. एका सकाळी त्याला उठवून सांगितलं, तू निघ. हातात बसचं तिकीट. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार दिवस बसमध्ये. त्याच वर्षी त्यानं मेगाडेथ उभा केला.

घरातून काढलेला भाऊ, पिशवी मांडीवर, यष्टीच्या खिडकीत. मास्तर एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना आपापल्या घरचं कुणीतरी आठवतं.

तरी भाऊबंदकी मिटली नाही. ती पहिली रेकॉर्ड, 'किल एम ऑल', निघाली त्यात 10 गाणी, त्यातल्या 4 गाण्यांच्या श्रेयात मस्टेनचं नाव. आणि एक चाल तर दोन्ही घरांत आहे. मेटॅलिकाकडे ती 'द फोर हॉर्समेन', मेगाडेथच्या 1985 च्या रेकॉर्डवर 'मेकॅनिक्स'. बांधावरचा आंबाच म्हणा ना.

"मुळं कोनाच्या वावरात हायेत ते पाह्य," कृषी केंद्रवाला.

"अन् लावला कोनं, ते?" मास्तर.

आम्ही दोन्ही लागोपाठ लावून ऐकली. मेटॅलिकानं मध्ये एक संथ तुकडा घातलाय, गाणं तिथं दम घेतं. मस्टेन थांबायला तयारच नाही. रागाच्या भरात नांगर धरावा तसं वाजवलंय. वावर लवकर झालं, पण तास वाकडे. माझं मत विचाराल तर हा आंबा मेटॅलिकाच्या अंगणात जास्त गोड लागतो. पण 1990 चं 'रस्ट इन पीस' लावा, मग मीच मास्तरांच्या बाजूला सरकून बसतो.

मास्तरांचा हुकुमाचा पत्ता वेगळाच. 1986 च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बस उलटून मेटॅलिकाचा बास, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. पुढच्या, 1988 च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' अल्बममध्ये नव्या वादकाचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. "नखानं कापूस ओढला तरी आवाज येते या खोलीत," मास्तर म्हणाले. "सापडव मले बास." कृषी केंद्रवाल्यानं स्पीकरला कान लावला. बराच वेळ लावला.

(दृश्य: पाहुणा आतापर्यंत गप्प. आता मोबाइल पुढे करतो.)

"तुमचे चारही अमेरिकेचे," पाहुणा म्हणाला. त्याचा बँड जर्मनीचा, सोडोम, कोळशाच्या पट्ट्यातला. गाणारा टॉम एंजलरिपर स्वतः खाणीत काम केलेला. पाहुण्याला दुसरं कारण लागत नाही. त्यानं 1989 चं 'एजंट ऑरेंज' लावलं. ऑरेंज म्हटल्यावर वायरमनला वरुडची संत्री आठवली. मास्तरांनी समजावलं, हे तणनाशक होतं, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेनं विमानांतून फवारलं. जंगलं वाळली, पिकं गेली, माणसं पिढ्यान्‌पिढ्या भोगताहेत.

फवारलं, या शब्दावर खोली गप्प झाली. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. माझा फवारणी पंप याच खोलीच्या कोपऱ्यात आहे, कापसाखाली दबलेला. त्याचा पट्टा तेवढा बाहेर लोंबतोय. कृषी केंद्रवाला त्या पट्ट्याकडे पाहत राहिला. गाणं पूर्ण वाजलं.

मग आई दारात आली. "झाला का तुमचा शिमगा? ढोरं बिचकून राहिली पोरहो."

(दृश्य: आठ दिवसांनंतर. अंगणात ट्रॅक्टर, ट्रॉलीत कापूस, वर ताडपत्री. खोली रिकामी.)

भाव चढला नाही, खाज वाढली, म्हणून कापूस जिनिंगला गेला. त्या संध्याकाळी सगळे पुन्हा आले, सवयीनं. वायरमननं 'रेन इन ब्लड' लावलं. भिंती घुमल्या. झटके एकमेकांत मिसळले, ढोलावर ढोल चढला.

"हे तं लग्नातलं डफडं झालं बे," कृषी केंद्रवाला खूश.

"रिकाम्या खोलीतला निकाल चालत नाही," वायरमन म्हणाला. "कापूस असतानाचाच धरा लागते."

"कोण्या वेचणीचा?" मास्तरांनी विचारलं, आणि चष्मा पुसायला काढला.